एकाच ताटातली कोसंबरी

नागोजीअण्णा कुणाच्याही घरात शिरताना आधी वर बघत. दाराच्या आसपास जिथं कुठं विजेचं मीटर असेल तिथं त्यांची नजर जाई, मग ते हळूच नाकानं हवा ओढत आणि त्यानंतर घरातल्या माणसांकडे वळून हसत. सगळी नोकरी त्यांनी चामराजपेटेत घरोघर मीटर वाचत काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मान वर जायची ती जायचीच. हवा ओढण्याचं कारण मात्र वेगळं होतं. त्या घरात आज काय शिजतंय, हे त्यांना जाणून घ्यायचं असे.

आम्ही दोघं सांगलीहून बंगळूरला आलो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिलो. घर बघायला गेलो तेव्हा कुठं नोकरी करता, किती माणसं येणार-जाणार, असलं काही त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते असं: "तुमच्याकडं आमटीत गूळ घालतात काय?"

"घालतो थोडा," मी म्हणाले.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

त्यांचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची सरमिसळ. मला ते पहिल्या दिवसापासून सुमनम्मा म्हणू लागले. मी त्यांना अण्णा आणि त्यांच्या बायकोला, पार्वतीबाईंना, अक्का. "स्वल्प खाली ये गं, सुमनम्मा," अशी हाक जिन्यातून आली की समजायचं, अक्कांनी काहीतरी केलंय आणि वाटी भरून ठेवलीय.

अण्णांना त्या भागातली घरं क्रमांकानं आठवत नसत, स्वयंपाकानं आठवत. देवळामागच्या घरात सारात मिरी अंमळ जास्त. दातांच्या डॉक्टरांकडे गुरुवारी हुलग्याचं कळण. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या घरात आई होती तोवर भाकरी पातळ होती, सून आली आणि जाड झाली, पण चटणी सुधारली. मीटर वाचायला गेलं की लोक बसा म्हणायचे, आणि बसलं की काहीतरी पुढं यायचं. सगळ्या पेठेची चव ह्या माणसाच्या जिभेवर साठलेली होती.

ते बोलके होते, पण पदार्थ खरोखर चांगला असला की त्यांची बोलती बंद होई. मान खाली घालून, एक शब्द न काढता ते जेवत. अक्का म्हणायच्या, "हे जेवताना बोलायला लागले की समजायचं, मीठ कमी पडलं."

एवढा खाण्याचा शौक, पण स्वतःला काही म्हणता काही करता येत नव्हतं. मुलीच्या बाळंतपणाला अक्का होसकोट्याला गेल्या होत्या, तेव्हा अण्णा तिन्ही वेळा कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्यानं खाऊन येत. एकदा पाणी गरम करायचं होतं, तर मला हाक मारून खाली बोलावलं आणि म्हणाले, "हा गॅस तेवढा पेटवून दे." जन्मभर विजेच्या खात्यात काढलेला माणूस शेगडीच्या बटणाला हात लावायला भीत होता.

अक्का ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, पदर सदा खोचलेला. आलेल्याला खाऊ घालणं हाच त्यांचा बोलण्याचा प्रकार होता. साखरेचा आजार त्यांना जुना होता. सकाळी गोळी घ्यायच्या आणि दुपारी होळगी खायच्या. होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. मी काही म्हणाले तर म्हणत, "गोळी घेतली ना? मग ती काय करणार पोटात बसून?"

गणपतीच्या दिवसांत त्यांच्या पायाला मोरीच्या कठड्याची ठेच लागली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख थोडं उचललं गेलं. त्यांनी हळद दाबली आणि मोदक करायला बसल्या. जखम भरेना, तेव्हा त्यांनी ती लपवायला सुरुवात केली. घरात मोजे घालून वावरू लागल्या, थंडी वाजते म्हणून. मुलगी लता होसकोट्याहून आली, तिनं जबरदस्तीनं मोजा उतरवला तेव्हा बोट काळपट पडलं होतं.

इस्पितळात ठेवावं लागलं. त्या दिवशी संध्याकाळी अण्णा परत आले ते मला जिन्यात भेटले. "बोट काढावं लागेल म्हणतात," ते म्हणाले. "साखर खाली आली नाही तर. आणि तिथंच थांबेल असं नाही म्हणतात." एवढं बोलून ते भिंतीवरच्या मीटरकडे बघत उभे राहिले. त्यातला लाल दिवा मिचमिचत होता. बराच वेळ झाला तरी ते हलले नाहीत, मग मीच त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.

डॉक्टरांनी थोडा वेळ दिला. इंजेक्शन, रोजचं ड्रेसिंग आणि खाण्यापिण्यात संपूर्ण बदल. अक्का घरी आल्या. लतानं रजा काढली आणि रोज दुपारी त्यांच्यापुढं उकडलेले जोंधळे, काकडी, गाजर असा एक वाडगा ठेवायला लागली. ती त्याला सॅलड म्हणायची. अक्का त्याला चारा म्हणायच्या. "परसात गाय असती तर बरं झालं असतं," म्हणत वाडगा बाजूला सारायच्या आणि लता आंघोळीला गेली की भाताच्या भांड्यात हात घालायच्या. लतानं समजावलं, रागावली, शेवटी रडली. तिची रजा संपली. ती होसकोट्याला एका कारखान्यात काम करते, घरी लहान मूल, किती दिवस राहणार? जाताना ती दारात थांबून अण्णांकडे बघत होती, तेव्हा अण्णा म्हणाले, "तू जा. मी करतो."

लताला हसावं की काय करावं कळेना.

पहिल्या दिवशी अण्णांनी जे केलं ते चाखायला मला खाली बोलावलं. जोंधळे दातांखाली खड्यासारखे लागत होते. रात्रभर भिजवायचे असतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी जोंधळे सोडून नवणे घेतले. नवणे म्हणजे आमच्याकडचे राळे. त्यांची खळ झाली. तिसऱ्या प्रयत्नाला राळे बरे शिजले, पण मीठ आधीच घातल्यामुळे काकडीला इतकं पाणी सुटलं की वाडग्यात तळं साचलं. "स्वल्प कमी पडतंय काहीतरी," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, मी करून देते. त्यांनी मान हलवली. "तू किती दिवस करशील? हे आता रोजचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जुन्या सवयीप्रमाणे पिशवी घेऊन बाहेर पडले आणि घरं फिरायला लागले.

देवळामागच्या घरात रंगम्मा नावाच्या म्हाताऱ्या अय्यंगार बाई राहत. अण्णांना दारात बघून त्या कन्नडमधून म्हणाल्या, "बिल तर भरलंय."

"बिलाचं नाही, अम्मा. कोसंबरीचं विचारायला आलोय."

रंगम्मांनी त्यांना आत घेतलं, कारण विचारलं, आणि मग पाटावर बसवून शिकवलं. आपल्या कोशिंबिरीची ही इकडची बहीण. भिजवलेल्या मूगडाळीतलं पाणी पुरतं निथळू द्यायचं. काकडी चिरण्याआधी टोक कापून, घासून तिचा कडूपणा काढायचा आणि तरीही एक चकती चाखून बघायची. मीठ आणि लिंबू अगदी शेवटी, पानावर बसायच्या वेळेला. अण्णा हे सगळं मला येऊन सांगत, जणू नव्या देशात जाऊन आले होते. पुढच्या गल्लीत विजापूरकडच्या एक शिक्षिका राहत, त्यांनी भाजलेल्या दाण्यांचा जाडसर कूट घालायला सांगितला, म्हणजे पोटाला आधार राहतो. शिंप्याच्या जाड भाकरीवाल्या सुनेनं सांगितलं की राळे भिजवून घ्या, दुपटीपेक्षा थोडं कमी पाणी घाला, आणि शिजले की भांड्यात ठेवू नका, ताटात पसरा.

अण्णा राळे पसरून पंख्याखाली ठेवत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. मधूनमधून बोटांनी हलक्या हातानं मोकळे करत. दाणा दाण्यापासून सुटा झाला की त्यांचा चेहरा उजळे. मग वाफवलेले मोडाचे मूग, बारीक चिरलेली घेवड्याची शेंग, काकडी, गाजर, भरपूर कोथिंबीर, जरासं ओलं खोबरं. वर मोहरी, हिंग, मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी. फोडणीला मात्र ते भीत. तेल पुरतं तापायच्या आत मोहरी टाकून हात झाडून मागं सरत.

पुढं पुढं मला ती कोशिंबीर खरंच आवडू लागली. वरून मी वाटी घेऊन स्वतःच खाली जायची. पण अक्का तोंडाला लावत नव्हत्या.

एके दुपारी मी भांडं परत द्यायला गेले होते. अण्णांनी सुंदर सजवलेला वाडगा अक्कांपुढं ठेवला होता आणि स्वतःपुढं भात-सार घेतलं होतं. अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अण्णा कधी नव्हे ते चिडले. "तुला पाय नको काय?" ते म्हणाले.

अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या माहेरी अज्जीला असंच वेगळं वाढायचे. सगळे पंक्तीला, आणि ती एकटी आत, अळणी काहीतरी घेऊन. कुणी वाईट वागत नव्हतं तिला. पण तिचं पान वेगळं झालं आणि तिला कुणी काही विचारेनासं झालं. लग्न कुठं ठरवायचं, घर कधी सारवायचं, काही नाही. मी लहान होते, पण मला कळायचं." मग अण्णांना म्हणाल्या, "बोट जायचं तर जाऊ दे. मला वेगळं ताट नको."

अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. मी भांडं ठेवून वर निघून आले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वाडगा काढलाच नाही. जर्मनचं एक मोठं पसरट ताट होतं, सणाला भात निवत ठेवायचं, ते त्यांनी काढलं. सगळी कोसंबरी त्यात केली, दोन चमचे टाकले आणि ताट दोघांच्या मध्ये ठेवलं. भात चढवलाच नव्हता. सार नव्हतं. त्यांनी स्वतः खायला सुरुवात केली. अक्का बघत राहिल्या आणि शेवटी उठून, भिंतीला धरत आत जाऊन पडल्या. त्या दिवशी त्या जवळजवळ उपाशीच राहिल्या. लताचा संध्याकाळी फोन आला, तिला अण्णा म्हणाले, "आम्ही जेवलो."

हे रोज चाललं. अक्का ताटातले चार-दोन मूग उचलायच्या, इंजेक्शन घेतलंय म्हणून थोडं ताक प्यायच्या. आणि अण्णा, ज्यांनी सगळ्या पेठेच्या स्वयंपाकावर प्रेम केलं, ते समोर बसून दोन्ही वेळ तेवढंच खायचे. दर्शिनीतला त्यांचा सकाळचा लोण्याचा डोसा बंद झाला. तिथल्या मालकानं माझ्या नवऱ्याला थांबवून विचारलं, "अण्णा गावी गेलेत की आजारी आहेत?" ते बारीक होत चालले होते. मला काळजी वाटू लागली होती, की आता ह्या घरात एकाऐवजी दोन माणसं अंथरूण धरतील.

दिवाळी आली. अक्कांनी ऐकलं नाही, स्टुलावर बसून शेजाऱ्यांसाठी होळग्या केल्या. आम्ही दोघं खालीच होतो. त्यांनी एक होळगी काढली, तुपानं न्हाऊ घातली आणि अण्णांपुढं धरली. सगळ्या घरात वेलदोड्याचा वास भरला होता. अण्णांनी श्वास आत ओढला, तो मला ऐकू आला.

"आपल्या ताटात नाही ते मला नको," ते म्हणाले.

"आजारी मी आहे," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला काय झालंय?"

"मग दोघं मिळून आजारी होऊ. सरी?"

"हट्ट करू नका. सण आहे."

"तू हट्ट केलास तेव्हा सण नव्हता."

अक्कांनी होळगी बशीत ठेवली. हात पुसले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाजात राग होता. "आणा इकडं," त्या म्हणाल्या. अण्णांनी ताट ओढून मध्ये घेतलं. अक्कांनी चमचा भरून घेतला, तोंडात घातला, सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. आणखी एक चमचा घेतला. मग म्हणाल्या, "मोहरी तडतडलीच नाही. कच्ची लागते. इतके दिवस असंच खाताय तुम्ही?"

मान खाली घालून अण्णा खात राहिले. अक्काही खात राहिल्या. ताट निम्मं झालं तेव्हा माझ्या नवऱ्यानं मला खूण केली आणि आम्ही वर आलो.

दुसऱ्या दिवसापासून फोडणी अक्कांकडे गेली. अण्णा चिरणार, निवत ठेवणार, कालवणार, आणि अक्का स्टुलावर बसून छोट्या कढल्यात मोहरी फुलवणार. त्यावरून रोज वादही होऊ लागले. गाजर किसायचं की चिरायचं, खोबरं किती, राळ्यांऐवजी आज जोंधळे का नाहीत. ते वाद ऐकत वरच्या मजल्यावर काम करायला मला फार बरं वाटे.

नुसत्या कोसंबरीनं बरं झालं असं अण्णाही कधी म्हणाले नाहीत. औषधं होती, ड्रेसिंग होतं, लताचे रोजचे फोन होते. पण साखर उतरू लागली, आणि संक्रांतीच्या सुमारास जखम भरली. बोट राहिलं. नख मात्र नवं आलं ते वाकडं आलं. अण्णांना त्या वाकड्या नखाचं इतकं कौतुक की आल्यागेल्याला दाखवा म्हणत, आणि अक्का पाय साडीखाली ओढून घेत.

पायांची जबाबदारी अण्णांनी स्वतःकडे घेतली. नोकरीत अंधाऱ्या बोळात मीटर वाचायला एक टॉर्च लागायचा, तो त्यांनी शोधून काढला. रोज दिवेलागणीला अक्कांना जिन्याच्या पायरीवर बसवून, चष्मा कपाळावर चढवून, ते बोटांच्या बेचक्या एकेक करून तपासत. "काही नाही," असं म्हणून टॉर्च बंद करत. रस्त्यानं जाणारे बघत असत. त्याचं दोघांनाही काही वाटत नसे.

रामनवमीला तिकडं दारोदार पानक, म्हणजे गुळाचं पन्हं, आणि कोसंबरी वाटतात. अक्कांच्या आजारामुळे यंदा नको, असं लता म्हणत होती. अक्कांनीच मांडव घालायला लावला. एका बादलीत नेहमीची मूगडाळीची कोसंबरी, दुसरीत राळ्यांची. अक्का पायात बूट घालून, हातात डाव घेऊन रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसल्या. दिवाळीनंतर त्यांनी कुणाला काही वाढलं नव्हतं. एका रिक्षावाल्यानं द्रोणात बघून विचारलं, "अक्का, हे काय? उप्पिट्टू?"

"आधी खा. मग नाव ठेव," अक्का म्हणाल्या.

त्यानं तिथंच उभ्यानं खाल्लं आणि द्रोण परत पुढं केला. अक्कांनी डाव भरून घातला, वर अजून थोडं घातलं. तो गेल्यावरही त्या बराच वेळ त्याची रिक्षा गेली त्या दिशेला बघत होत्या. मागं अण्णा काकड्या चिरत अखंड बोलत होते, कुणाशी ते कळत नव्हतं. उन्हं चढल्यावर रंगम्मा काठी टेकत आल्या. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं.

"मीठ शेवटी घातलंस," त्या अण्णांना म्हणाल्या.

"होय, अम्मा," अण्णा म्हणाले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा शाळेत शाबासकी मिळाल्यासारखा झाला.

पुढं आम्ही देवनहळ्ळीकडे स्वतःचं घर घेतलं आणि चामराजपेट सुटली. त्यानंतर काही महिन्यांनी लतानं आईवडलांना होसकोट्याला आपल्याजवळ नेलं. फोन होतात. अक्का अजून विचारतात, आमटीत गूळ घालतेस ना, आणि लगेच म्हणतात, स्वल्पच घाल. पण भेट नाही. शेवटची भेट झाली ती आमच्या वास्तुशांतीला, ते चामराजपेटेत असतानाच.

दोघं बस बदलत आली होती. जेवणं झाल्यावर अण्णा गच्चीतून बघत होते. आमच्या इमारतीमागं तेव्हा एक शेत उरलं होतं, चारी बाजूंनी आखलेल्या प्लॉटांच्या दगडांमध्ये. त्यात नाचणी कापणीला आली होती. अण्णांना ते जवळून बघायचं होतं. म्हणून परत जायला निघाले तेव्हा मी त्यांना मागच्या वाटेनं नेलं. तिथं एक बाई कणसं कापत होती. अक्का तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागल्या, आणि बोलता बोलता, बांधावर चिखल आहे म्हणून, चपला काढून शेतात उतरल्या.

"अनवाणी नको," अण्णा मागून म्हणाले.

अक्कांना ऐकू गेलं नसावं. ती बाई त्यांना एक कणीस चोळून दाखवत होती. अण्णांनी पिशवी माझ्याकडे दिली, चपला उचलल्या आणि धोतर सावरत नाचणीच्या खुंटांमधून अक्कांपर्यंत गेले. तिथं गुडघे वाकवून खाली बसले. रुमालानं आधी एक तळवा पुसला, नीट बघितला, चप्पल चढवून पट्टा लावला. मग दुसरा. अक्कांनी तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि त्या बाईला विचारत होत्या की ही नाचणी किती दिवस वाळवायची.